सतरा तास दोन मिनिटांत अमळनेरहून सॅन फ्रान्सिस्को

अमळनेर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर १३,२२५ किलोमीटर असून विमानप्रवासाला १७ तास २ मिनिटे लागतात, असे एका संकेतस्थळाने मला गेल्या जानेवारीत सांगितले. दोन चौकटींत दोन गावांची नावे लिहिली की हे संकेतस्थळ त्यांच्यातील हवाई अंतर, प्रवासाचा वेळ, दोन्हीकडच्या घड्याळांतील फरक आणि नकाशावरची एक वाकडी रेषा दाखवते. ही सेवा फुकट आहे, नावनोंदणी मागत नाही आणि जाहिराती सोडल्यास कशाचाही त्रास देत नाही. मी तिचे नाव येथे देणार नाही, कारण पुढे तिच्याविषयीची माझी एक घरगुती तक्रार येणार आहे. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती असे साधन आले की तो ते नुसते वापरत नाही, तर तपासतो. फेब्रुवारीत मी आणि सौभाग्यवती लेकीकडे कॅलिफोर्नियातील फ्रिमाँटला जाऊन एप्रिलमध्ये परतलो, त्यामुळे संकेतस्थळाचा प्रत्येक आकडा प्रत्यक्ष प्रवासाशी ताडून पाहण्याची संधीही मिळाली.

परदेशी जाणाऱ्यांचे आमच्या गावाला नवल राहिलेले नाही. १९४५ साली ज्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रोची सुरुवात झाली, तेथील मुले संगणकाच्या मागे जगभर गेली यात आश्चर्य ते काय! तरीही कोणी निघाले की गल्लीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आप्पा, अमेरिका कितली लांब शे?" या प्रश्नाला एक आकडा पुरत नाही, हे मला शिकवण्याच्या काळात ठाऊक होते, त्या आकड्यावर विसंबून औषधाच्या गोळ्या मोजायच्या नसतात, हे मात्र या प्रवासात कळले.

आधी अंतराविषयी, कारण या सेवेची खरी ताकद तेथेच आहे. पृथ्वीला गोल मानून, तिची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून, दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून बृहद्वृत्तावरचे, म्हणजे पृथ्वीगोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचे अंतर काढायचे, ही यामागची रीत आहे. मी अमळनेरचे अक्षांश २१.०४ आणि रेखांश ७५.०६ घेऊन वहीत तेच गणित केले आणि उत्तर किलोमीटरभराच्या फरकाने जुळले. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे काटेकोर अंतर यापेक्षा थोडे वेगळे येते. पण तो फरक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो आणि प्रवाशाला त्याने काही अडत नाही. अंतराच्या रकान्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे मी निःशंकपणे सांगतो.

वाकड्या रेषेविषयी अनेकांनी मला विचारले. सरळ जायचे सोडून विमान असे वळसा घालून का जाते, असा त्यांचा प्रश्न. यावर शाळेत मी एकच उपाय करीत असे : कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढायचा, शिवणाचा दोरा घ्यायचा आणि त्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवून मुलाला तो ताणायला सांगायचे. दोरा सैल असतो तोवर अटलांटिकवर लोळत असतो. ताणला की आपोआप वर सरकतो आणि हिमालय व काराकोरम ओलांडून, सायबेरियावरून, थेट आर्क्टिक महासागरात ७६ अंशांच्याही पलीकडे जाऊन अलास्कावरून खाली उतरतो. भिंतीवरच्या नकाशात ध्रुवाकडचा प्रदेश ताणून रुंद केलेला असतो, म्हणून खरी सरळ वाट तेथे वाकडी दिसते. संकेतस्थळाने हे एका रेषेत दाखवले आहे आणि त्याबद्दल मी त्याला मनापासून गुण देतो. माझ्या वेळी हे साधन असते तर दोऱ्याची अर्धी रिळे वाचली असती.

याच रेषेने मला आणखी एक गंमत दाखवली. मुंबई विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाचे अंतर संकेतस्थळ १३,५११ किलोमीटर देते, म्हणजे अमळनेरपेक्षा २८६ किलोमीटर अधिक. अमेरिकेची ही बाजू आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे! वाट ईशान्येकडे झुकत उत्तरेला जाते आणि आपण मुंबईच्या उत्तरेला व पूर्वेला असल्यामुळे तेवढे पुढेच बसलेलो आहोत. तरीही अमेरिकेला जायचे तर आधी उलट्या दिशेने, नैऋत्येला, मुंबई गाठावी लागते. खानदेशातून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाचा प्रवास असा पाठ फिरवूनच सुरू होतो.

आता वेळ. अंतराच्या बाबतीत काटेकोर असणारे हे संकेतस्थळ वेळेच्या बाबतीत किती ढोबळ आहे, हे शोधायला मला अर्धा तास लागला. मुंबई ते दिल्ली १,१३७ किलोमीटर, वेळ १ तास ५५ मिनिटे. मुंबई ते लंडन ७,२१२ किलोमीटर, वेळ ९ तास ३१ मिनिटे. दोन्हींची वजाबाकी केली की ६,०७५ किलोमीटरसाठी ७ तास ३६ मिनिटे उरतात आणि भागाकार ताशी ८०० किलोमीटरच्या जवळ येतो. त्या वेगाने दिल्लीला जायला १ तास २५ मिनिटे लागायला हवीत. वरची ३० मिनिटे चढण्या-उतरण्यासाठी जोडलेली आहेत. पृथ्वीवरची कोणतीही दोन गावे घ्या, अंतराला ८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा, उत्तर मिनिटाला मिनिट जुळते. आठवीच्या परीक्षेत घालावे असे हे उदाहरण आहे, पण त्याला 'प्रवासाचा वेळ' म्हणणे धाडसाचे आहे.

या सूत्राचा परिणाम गमतीशीर होतो. मोठे जेट विमान उंचीवर पोहोचले की ताशी साधारण ९०० किलोमीटरने जाते, म्हणून लांबच्या पल्ल्याला संकेतस्थळ वेळ वाढवून सांगते. सिंगापूर ते न्यू यॉर्क या १५,३४९ किलोमीटरच्या, जगातील सर्वांत लांब थेट विमानसेवांमध्ये गणल्या जाणाऱ्या वाटेला त्याच्या हिशेबाने १९ तास ४१ मिनिटे लागायला हवीत. वेळापत्रकात मात्र ती पावणेएकोणीस तासांच्या आसपास आहे. उलट जवळच्या पल्ल्याला ते वेळ कमी सांगते. मुंबई–दिल्ली विमान वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या घरात असते, कारण धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, वर चढणे आणि उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणे यांचा वेळ अंतर कमी म्हणून कमी होत नाही. मुंबई–लंडनच्या आसपास दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर येते. बंद पडलेले घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवते, तशातला हा प्रकार.

त्याहून मोठी उणीव म्हणजे जातानाची आणि येतानाची वेळ हे संकेतस्थळ एकच दाखवते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे ज्याला ठाऊक आहेत, तो हे कदापि मान्य करणार नाही. लंडनला जाताना विमान या वाऱ्यांच्या तोंडाला असते आणि येताना वारा पाठीशी असतो, म्हणून मुंबईहून जाण्याला परतीपेक्षा अधिक वेळ लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना न्यू यॉर्कहून लंडनला निघालेले एक प्रवासी विमान अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. एरवी त्या वाटेला साडेसहा-सात तास लागतात आणि या संकेतस्थळाच्या सूत्राने तर सव्वासातांच्याही पुढे जाते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसते वर जाऊन थांबले तर अमेरिका आपोआप खाली येणार नाही का, असे वर्गात दरवर्षी एखादा मुलगा विचारीत असे. हवा पृथ्वीबरोबरच फिरते हे त्याला पटवताना माझा तास संपायचा. वाऱ्याचा हा हिशेब मात्र त्याला चटकन पटे.

कमी अंतर म्हणजे कमी वेळ, हे गृहीतही या हिशेबात कोलमडते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० किलोमीटरवर गेली, तरी पाठीमागच्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि आधीपेक्षा वेळ वाचला. १,४०० किलोमीटर जास्त उडून लवकर पोहोचण्याची ही गोष्ट संकेतस्थळाच्या एका रकान्यात कशी मावावी?

आणि ती सुबक रेषा सरहद्दी ओळखत नाही. मुंबईहून निघालेली रेषा काराकोरमवरून बिनदिक्कत जाते. प्रत्यक्षात विमाने तिबेटच्या पठाराचा आणि त्या पर्वतरांगांचा प्रदेश शक्यतो टाळतात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावे लागते आणि तेथे जमीनच त्याहून उंच असते. २०२२ पासून अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना रशियाचे आकाश बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. असे काही घडले की वेळापत्रके बदलतात, तिकिटांचे दर बदलतात, वाटेत इंधनासाठी थांबेही येतात. संकेतस्थळावरचा आकडा मात्र अढळ राहतो.

आता आमचा प्रवास. संकेतस्थळाने अमळनेर ते मुंबई हे ३१५ किलोमीटरचे अंतर ५४ मिनिटांत पार करून दिले होते, जणू बोरी नदीच्या काठी आमचे स्वतःचे विमानतळ आहे. जवळचा विमानतळ म्हणून ते धुळ्याजवळच्या गोंदूरची धावपट्टी दाखवते, जेथून प्रवाशांसाठी कोणतेही नियमित विमान सुटत नाही. जळगावला विमानतळ आहे. २०१२ साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पण तेथून मुंबईची सेवा गेल्या काही वर्षांत कधी चालू तर कधी बंद राहिली आहे आणि आमच्या दिवसाशी तिची वेळ जुळत नव्हती. म्हणून भाड्याची गाडी केली. सकाळी आठला निघालो. धुळ्याला मुंबई–आग्रा महामार्ग धरला, मालेगाव ओलांडून चांदवडजवळ गाडी सावलीला लावून कळण्याच्या भाकरी आणि ठेच्याची शिदोरी सोडली, नाशिक, इगतपुरी, कसारा घाट करीत ठाण्याच्या गर्दीत शिरलो आणि सहारच्या विमानतळावर पोहोचायला पाच वाजले. रस्त्याने पावणेचारशेच्या आसपास किलोमीटरला नऊ तास, म्हणजे ताशी चाळीस-एक किलोमीटरचा वेग! आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी यायचे असते. घाटात ट्रक आडवा पडला तर काय करायचे, म्हणून आम्ही पाच तास आधी आलो. ही भीती अमळनेरकराच्या प्रवासाचा अविभाज्य भाग आहे आणि तिला कोणत्याही सूत्रात जागा नाही.

थेट विमानाचे तिकीट परवडणारे नव्हते, म्हणून दुबईमार्गे जायचे ठरले होते. मुंबईहून रात्री सव्वादहाला उड्डाण आणि ३ तास २० मिनिटांनी दुबई. संकेतस्थळाच्या हिशेबाने या १,९३० किलोमीटरला २ तास ५५ मिनिटे पुरायला हवी होती. तेथे पावणेनऊ तास खोळंबा. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी उतरून सकाळी आठ-पन्नासला पुढचे विमान. सौभाग्यवतींनी तीन खुर्च्यांवर शाल पसरून झोप काढली. मी रात्रभर सूचनाफलक वाचत बसलो.

दुबई ते सॅन फ्रान्सिस्को ही वाट भूगोलाच्या माणसाने एकदा तरी करावी. दोन्ही शहरांच्या रेखांशांतला फरक जवळजवळ १७८ अंशांचा आहे, म्हणजे ती ध्रुवाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना बसली आहेत आणि त्यांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा उत्तर ध्रुवापासून सुमारे दोनशे किलोमीटरवरून जाते. संकेतस्थळावर ही रेषा पाहू गेलो तर ती नकाशाच्या वरच्या कडेला जाऊन नाहीशी होते आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा उगवते. हा दोष या एका संकेतस्थळाचा नाही. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे ज्या पद्धतीने काढलेले असतात, त्यात ८५ अंशांच्या पुढचा प्रदेश कापलेलाच असतो. पण ज्या वाटेवर सर्वांत अधिक पाहण्याजोगे आहे, तीच वाट नकाशाबाहेर पडावी, याची चुटपुट लागतेच. गोल दाखवण्याची एखादी सोय ठेवली असती तर हे सहज टळले असते.

विमान सकाळी उन्हात उडाले. सातेक तासांनी खिडकीबाहेर संध्याकाळ झाली आणि मग चक्क रात्र पडली, कारण फेब्रुवारीत ध्रुवावर सूर्य उगवतच नाही. तो मार्चमध्ये वर येतो. पुन्हा उजाडले ते पलीकडच्या बाजूला, आणि स्थानिक घड्याळाने त्याच दिवशी दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी आम्ही उतरलो. सकाळी पावणेनऊला निघून दुपारी साडेबाराला पोहोचलो आणि मध्ये एक रात्र जगून झाली! आकाशात १५ तास ४५ मिनिटे लागली. संकेतस्थळाचा अंदाज १६ तास ४६ मिनिटांचा होता. लांबच्या पल्ल्याला ते वेळ फुगवते, हा माझा वहीतला निष्कर्ष असा स्वतःच्या अंगावर सिद्ध झाला.

आता ती तक्रार. सौभाग्यवतींना रक्तदाबाची गोळी सकाळी आणि रात्री, अशी दोनदा घ्यावी लागते. संकेतस्थळाने १७ तास सांगितले म्हणून मी मोठ्या शहाणपणाने दोनच गोळ्या हातातल्या पर्समध्ये ठेवल्या आणि उरलेली पाकिटे मोठ्या बॅगेत घालून ती विमानाच्या पोटात पाठवली. पहिली गोळी मुंबईच्या विमानतळावर रात्री नऊला गेली, दुसरी दुबईत सकाळी. तिसरीची वेळ आली तेव्हा आम्ही ध्रुव मागे टाकून कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ बेटांवर होतो आणि गोळ्या आमच्या पायांखाली, सामानाच्या कप्प्यात होत्या. "पेपर तपासताना मुलांचा अर्धा गुण सोडत नव्हतात," एवढेच त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. लेकीच्या घरी पोहोचल्यावर गोळी घेतली आणि काही बिघडले नाही. पण बिघडू शकले असते. चूक माझी आहेच. मात्र ज्या रकान्याला 'प्रवासाचा वेळ' असे नाव दिले आहे, तो वेळ प्रवासाचा नसून केवळ उड्डाणाचा, तोही कल्पनेतल्या थेट उड्डाणाचा आहे, असे एक वाक्य त्याखाली छापायला काय हरकत होती?

अमळनेरच्या घराला कुलूप लावल्यापासून फ्रिमाँटच्या घराची बेल वाजवेपर्यंत एकूण ४४ तास ५० मिनिटे लागली. त्यांपैकी आकाशात होतो ते १९ तास ५ मिनिटे. उरलेले पंचवीस-एक तास रस्त्यावर, रांगांमध्ये, खुर्च्यांवर आणि पारपत्र तपासणीच्या खिडकीसमोर गेले. संकेतस्थळाच्या १७ तास २ मिनिटांशी याची तुलना करणे अन्याय्य आहे, असे कोणी म्हणेल. पण तुलनेचे निमंत्रण त्यानेच दिले आहे. 'अमळनेर' असे गावाचे नाव ते लिहू देते, तेव्हा गावापासूनचा वेळ सांगण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

गावाच्या नावावरून आणखी एक. देवनागरीत लिहिलेले नाव या चौकटींना कळत नाही, आणि इंग्रजीत लिहिले तर पहिल्या खेपेला बीड जिल्ह्यातील अमळनेर पुढे येते. जळगाव लिहिल्यावर एकदा बुलढाण्यातील जळगाव जामोद निवडले गेले. खाली जिल्ह्याचे नाव बारीक अक्षरांत असते, तेवढे न चुकता पाहावे. हजारो किलोमीटरच्या हिशेबात या चुकीने फारसे बिघडत नाही. पण अमळनेर–मुंबईसारख्या जवळच्या अंतरात उत्तर पार बदलते.

घड्याळांचा फरक दाखवण्याच्या बाबतीतही हे संकेतस्थळ अर्धेच बरोबर आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे, म्हणून अमळनेरला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबाराच्या आसपास वाजलेले असतात. ही अर्ध्या तासाची तफावत आपण जन्मभर अंगवळणी पाडून घेतलेली असते. कॅलिफोर्नियाशी फरक हिवाळ्यात साडेतेरा तासांचा असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तेथे घड्याळे तासभर पुढे करतात आणि तो नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेबारा तासांवर येतो. संकेतस्थळ बाराही महिने साडेतेराच दाखवत राहिले. मार्चमध्ये लेकीच्या घरून मी चोपड्याच्या धाकट्या बहिणीला नेमून दिलेल्या वेळेपेक्षा तासभर आधीच फोन केला, तेव्हा ती नुकती जेवायला बसली होती आणि वेळेचा पक्का दादा म्हणून माझा जो लौकिक होता, तो त्या दिवशी संपला.

एवढे असूनही मी हे संकेतस्थळ सोडलेले नाही. अंतरासाठी त्याला पाचपैकी पाच गुण द्यावेत, रेषेसाठी चार, वेळेसाठी एक आणि घड्याळाच्या फरकासाठी दोन. कोणत्या शहरातून विमान बदलले तर किती वळसा पडतो, हे पाहायला ते फार उपयोगी आहे. आमच्या दुबईच्या वाटेने थेट अंतरापेक्षा सुमारे साडेचौदाशे किलोमीटर जास्त झाले, हे त्यानेच दाखवले, आणि तिकिटात वाचलेल्या पैशांच्या मानाने ते मला महाग वाटले नाही. वेळेसाठी मात्र विमान कंपनीचे वेळापत्रकच पाहावे आणि त्यात घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, तीन तास आधीची हजेरी, मधला खोळंबा आणि उतरल्यानंतरचे दोन-तीन तास स्वतःच्या हाताने मिळवावेत.

चोपड्याच्या त्याच बहिणीला येत्या नोव्हेंबरमध्ये मुलाकडे मेलबर्नला जायचे आहे. मुंबई ते मेलबर्न ९,८०५ किलोमीटर, वेळ १२ तास ४५ मिनिटे, असे तिने मला त्याच संकेतस्थळावरून वाचून दाखवले. तिच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे मी लिहून दिले आहे : घरापासून घरापर्यंत दीड दिवस धर, तेथे तेव्हा वसंत सरत आलेला असतो आणि घड्याळे आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतात, आणि मधुमेहाच्या गोळ्या तीन दिवसांच्या, हातातल्या पिशवीत.